अडीच गुंठ्यांचा करार

इंग्लंडात नगरपालिकेकडून भाजी लावायला जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो. त्याला अलॉटमेंट म्हणतात. नॉटिंगहॅमला लेकीने यादीत नाव घातलं होतं, पण नंबर लागला तो मी तिच्याकडे राहायला आल्यावर. तिला वेळ नाही आणि मला वेळच वेळ. कराराचे कागद माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "बाबा, वाचल्याशिवाय सही करायची नाही हे तुम्हीच शिकवलंत. आता वाचा." मी वाचले. उभा जन्म टिपणं, गावनकाशे आणि आकारबंद चाळण्यात गेलेल्या भूकरमापकाला जमिनीचा कागद कादंबरीपेक्षा गोड लागतो.

कागद दिसायला साधाच होता. जागा इतकी, भाडं इतकं. भाजी आणि फळं मुख्यतः घरच्यांनी खाण्यासाठी, व्यापार करायचा नाही. कोंबड्या चालतील, कोंबडा चालणार नाही. रात्री मुक्काम करायचा नाही. जमीन पडीक ठेवली तर नोटीस येईल. दोन प्लॉटांमधली वाट दोघांनी राखायची. भूमी अभिलेख खात्यात नव्याने लागलेल्या पोरांना मी एकच गोष्ट सांगत असे, की कलम दिसलं की त्यामागचं भांडण शोधा. जमिनीच्या कागदात कुणी हौसेने ओळ वाढवत नाही. मग इथेही तेच करायला लागलो. सकाळी तण काढायचं आणि दुपारी ग्रंथालयात बसायचं.

पहिलं कलम मापाचं. कागदावर २५० चौरस मीटर लिहिलंय, पण साइटवर कुणी मीटर बोलत नाही. पूर्ण प्लॉट म्हणजे १० रॉड. आपल्याकडे सातबारावर आर आणि हेक्टर येऊन इतकी वर्षं झाली तरी माणूस गुंठ्यातच बोलतो, तसंच हे. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. जमिनीच्या हिशेबात साडेसोळा फूट औरसचौरस, म्हणजे २७२.२५ चौरस फूट. चार रॉड झाले की १,०८९. हा आकडा महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोजणीदाराला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल, "गुंठा." पाव इंचाचाही फरक नाही. म्हणजे इंग्रज मजुराच्या परसाचा हा १० रॉड बरोबर अडीच गुंठे भरतो.

हा योगायोग नव्हे. एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने १६२० साली ६६ फुटी साखळी काढली. ती चार रॉड लांब होती, कारण रॉडने जमीन मोजायची चाल आधीपासून होती. आमची मुंबई इलाख्याची साखळी त्याच्या निम्मी, ३३ फुटी, सोळा आण्यांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास जी पाहणी सुरू केली, ती पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. माझी पहिली नेमणूक इंदापूरचीच. शंकू-साखळी घेऊन मी ज्या शिवारात उन्हातान्हात फिरलो, तिथे माझ्याआधी हीच इंग्रजी काठी गुंठ्याचं नाव घेऊन फिरून गेली होती. मोजणी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "साहेब, ते राहू द्या, माझा बांध शेजाऱ्याने किती कोरला ते सांगा."

पण १० रॉडच का? पाच का नाहीत, पन्नास का नाहीत? अडीच गुंठ्यांत वर्षभराचा बटाटा, कांदा, कोबी, वाटाणा, घेवडा एका कुटुंबापुरता निघतो, हे उत्तर शेजारी देतात आणि ते खरं आहे. मात्र एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ही मापं ठरवली त्यांच्या डोक्यातला हिशेब वेगळा होता. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेल्या मजुराकडे संध्याकाळी किती ताकद उरते, आणि त्या उरलेल्या ताकदीत तो फावड्याने किती जमीन उलटू शकतो? तितकीच त्याला द्यायची. जास्त दिली तर तो स्वतःच्या जमिनीवर रमेल आणि सकाळी कामावर येताना दमलेला असेल, किंवा येणारच नाही. मोठ्या शेतकऱ्यांचे आक्षेप त्या काळच्या चर्चांतून सर्रास दिसतात: मजूर आपली ताकद राखून ठेवेल, मालकाचं बियाणं आणि खत खिशातून नेईल, डोक्यावर बसेल. म्हणून वरची मर्यादा पाव एकर. १८४५ च्या कायद्यात पाव एकर आणि १९२२ च्या कायद्यातल्या व्याख्येतही ४० रॉड, म्हणजे तोच पाव एकर. आपल्या भाषेत दहा गुंठे. भूकरमापकाला शिकवतात की आपण फक्त मोजतो, किती द्यायचं ते दुसरे ठरवतात. इथे मापाच्या आतच ठरवणाऱ्याची भीती बसलेली आहे.

ही भीती का होती ते कळायला आणखी मागे जावं लागतं, आणि त्यासाठी नॉटिंगहॅमशरसारखी दुसरी जागा नाही. जावयाला गाडी काढायला लावून मी लॅक्सटन गावाला गेलो. इंग्लंडात पूर्वी बहुतेक गावांची शेती जशी होती तशी या एका गावात अजून चालू आहे. गावाभोवती तीन मोठी शिवारं, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. मध्ये कुंपण नाही, बांध नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक आणि तिसरं पूर्वी पडीक टाकून त्यावर गुरं चारायची, आता तिथे चारा घेतात. दर वर्षी क्रम पुढे सरकतो. पट्ट्यांच्या मध्ये आणि कडेला गवताच्या पडक्या ठेवलेल्या, त्या सगळ्यांच्या.

मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने १६३५ साली या गावाचा नकाशा केला. त्याची नक्कल मी चष्मा काढून, घालून, परत काढून पाहिली. एकेक पट्टी आणि तिचा कब्जेदार. नांगर धरलेली माणसं आणि शिकारीही नकाशात काढलेले. आमच्या टिपणात माणूस काढायची मुभा नव्हती, नाहीतर मीही दोनचार भांडखोर भाऊबंद काढले असते.

लॅक्सटनला नोव्हेंबरच्या शेवटी पंचमंडळ शिवारात उतरतं. त्या वर्षी ज्या शिवारात गहू पेरलाय तिथे फिरून हद्दीच्या खुंट्या तपासतात, नव्या ठोकतात, कुणी गवताच्या पडकीत नांगर घातला का ते बघतात. पुढच्या आठवड्यात न्यायसभा बसते आणि दंड होतो. रक्कम किरकोळ, पण नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं. आमच्याकडे बांध कोरण्याचा दावा दोन पिढ्या चालतो, तलाठी बदलतात, वकील बदलतात, बांध मात्र दर मृगाला वीतभर सरकतो. लॅक्सटनचे लोक आपल्यापेक्षा सज्जन आहेत असं मला वाटत नाही. तपासणारे पंच स्वतःही तिथलेच कब्जेदार असतात आणि पुढच्या वर्षी त्यांचीही पट्टी तपासली जाणार असते, इतकाच फरक.

लॅक्सटन राहिलं, बाकीची गावं गेली. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांवर कायदे करून सुमारे ६८ लाख एकर सामायिक शिवार आणि कुरण कुंपणात घातलं. हे इंग्लंडच्या एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त होतं. प्रत्येक कायद्याबरोबर मोजणीदार आला, साखळी आली, नकाशा आला. ज्यांच्याकडे कागदावर हक्क होता त्यांना एकत्र जोडलेली जमीन मिळाली. पण ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, ज्यांची एक गाय, चार बदकं आणि सरपणाची मोळी गावच्या कुरणावर चालत होती, त्यांच्या हातात काही आलं नाही. त्यांचा हक्क वहिवाटीचा होता आणि वहिवाट नकाशावर उमटत नाही. कित्येक मोजण्यांत म्हाताऱ्या बायका मला सांगायच्या, "बाबा, आमची वाट इथूनच हुती." मी नकाशा बघायचो. नकाशात वाट नसायची.

याविरुद्ध कुणी उठलं नाही असं नाही. १६४९ च्या एप्रिलमध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सोबती सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या सामायिक टेकाडावर गेले, जमीन खणली आणि गाजर, पार्सनिप, घेवडा पेरला. जमीन सगळ्यांची, असं त्यांचं म्हणणं. आसपासच्या जमीनदारांनी त्यांना वर्षाच्या आत हुसकावलं. त्या टेकडीवर आज फाटक लावलेली श्रीमंतांची वसाहत आहे आणि गोल्फचं मैदान. गाजर आता बहुधा दुकानातून आणतात.

मजुरांना थोडी जमीन परत देण्याची कल्पना नंतर आली ती काहींच्या दयेतून आणि बऱ्याच जणांच्या धास्तीतून. विल्टशरमधल्या ग्रेट सॉमरफर्ड गावात स्टीव्हन डेमनब्रे या पाद्र्याने खटपट करून गरिबांसाठी बागा राखून घेतल्या. १८०९ पासूनच्या या बागा अजून चालू आहेत. मग १८३० चा हिवाळा आला. दक्षिण इंग्लंडातल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या आणि 'कॅप्टन स्विंग' या कधीच अस्तित्वात नसलेल्या पुढाऱ्याच्या सहीने धमकीची पत्रं पाठवली. त्या आगीच्या उजेडात बऱ्याच जमीनदारांना अचानक सुचलं, की मजुराला परसाचा तुकडा दिला तर तो दारू कमी पिईल, गरीबखान्याच्या दारात जाणार नाही आणि गंजीही पेटवणार नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अलॉटमेंट भराभर वाढल्या. नियमही तसेच. रविवारी कुदळ उचलायची नाही, चर्चला जायचं, नांगर घालायचा नाही, फक्त फावडं चालवायचं. गुन्हा शाबीत झाला तर प्लॉट गेला. माझ्या करारात चर्च नाही, पण "वर्तन" या शब्दाचं एक कलम अजून आहे. वाचताना तो जुना पाद्री खोकल्यासारखा वाटतो.

१८४५ चा सर्वसाधारण कुंपण कायदा झाला तेव्हा गरिबांच्या बागांसाठी जागा राखायची तरतूद त्यात घातली गेली. तरतूद वाचून मला बरं वाटलं होतं, पण पुढचे आकडे वाचले. १८४५ ते १८६९ या काळात सहा लाख एकरांहून जास्त जमीन कुंपणात गेली आणि त्यातून बागांसाठी निघाली सुमारे २,२०० एकर. अर्धा टक्कासुद्धा नाही. आमच्या खात्यात 'राखीव' असा शिक्का मारलेल्या जमिनी मी पुष्कळ मोजल्यात, त्यामुळे या आकड्याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

नॉटिंगहॅम शहराची कथा मात्र या सरळ रेषेत बसत नाही, आणि म्हणून ती मला जास्त आवडते. इथे शहराभोवतीची सामायिक शिवारं वाचवली ती खुद्द नागरिकांनी. नगराच्या हक्कदारांना तिथे गुरं चारायचा अधिकार होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते. इकडे लेसचे आणि मोज्यांचे कारखाने वाढत होते, लोक येत होते. १८०१ साली वस्ती २९ हजारांच्या आत होती, ती १८३१ ला ५० हजारांवर गेली. शहराला फुगायला जागाच नाही, कारण भोवती चराऊ जमीन. घरांच्या पाठीला घरं चिकटली, अंगणात संडास, संडासाशेजारी विहीर. पटकीने माणसं मेली. गरिबांच्या सामायिक हक्काने गरिबांनाच कोंडलं, असं म्हणणारे तेव्हा होते आणि त्यांचं म्हणणं निव्वळ खोटं नव्हतं. अखेर १८४५ मध्ये नॉटिंगहॅमसाठी वेगळा कायदा झाला, शिवारं बांधकामाला खुली झाली. पण लोकांनी भांडून त्यातली काही जागा मोकळी ठेवून घेतली. फॉरेस्टचं मैदान आणि १८५२ ला उघडलेलं आर्बोरेटम उद्यान ही त्यातलीच.

आणि हंगर हिलच्या बागा. शहराच्या पूर्वेला सेंट ॲन्स भागात चढावर हॉथॉर्नच्या उंच कुंपणांनी तोडलेल्या बागांची रांगच्या रांग आहे. ७५ एकर, साडेसहाशेहून जास्त बागा. १८३० च्या दशकात त्या आजच्या रूपात आल्या. दुकानदार आणि मध्यमवर्गीय, ज्यांच्या शहरातल्या घराला अंगण नव्हतं, त्यांनी त्या आधी घेतल्या, विटांच्या छोट्या बंगल्या बांधल्या, रविवारी चहा प्यायला येऊ लागले. पुढे त्यांनी बागवाली घरं घेतली तसतशा या बागा लेस कामगार आणि मोजे विणणारे घेऊ लागले. असा व्हिक्टोरियन काळाचा एवढा मोठा बागांचा पट्टा दुसरीकडे राहिलेला नाही, म्हणून आता तो वारसा यादीत आहे.

या कामगारांनी काय लावलं असेल? बटाटा, कोबी तर होताच. पण त्यांनी गुलाबही लावले. रेव्हरंड रेनॉल्ड्स होल हा नॉटिंगहॅमशरचाच पाद्री आणि गुलाबवेडा. १८५८ साली लंडनला पहिलं राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन त्याने भरवलं. त्याला एकदा नॉटिंगहॅमच्या कामगारांचं पत्र आलं, ईस्टरच्या सोमवारी आमच्या गुलाबांच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून या. होलला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. एप्रिलच्या थंडीत गुलाब कुठले? तरी गेला. एका दारूच्या गुत्त्याच्या माडीवर बाटल्यांमध्ये लावलेले उत्तम गुलाब त्याची वाट पाहत होते. हात काळे असलेल्या माणसांनी लहानशा काचघरांत ते वाढवले होते. चौकशी केली तर कळलं, की कडाक्याच्या रात्री काही जणांनी आपल्या अंथरुणातलं ब्लँकेट काढून काचघरावर घातलं होतं. होलने हे सगळं १८६९ च्या आपल्या गुलाबाच्या पुस्तकात लिहून ठेवलं.

ज्यांनी पाव एकराचा हिशेब मांडला त्यांच्या वहीत या गुलाबांना रकाना नव्हता. मजुराला पोटापुरतं दिलं की तो शांत बसेल, असा त्यांचा अंदाज. मजूर पोटापुरतं पिकवून उरलेल्या कोपऱ्यात स्वतः काकडत गुलाब सांभाळेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या बायकांना ब्लँकेटचा हा कारभार कितपत पसंत होता, ते होलने लिहिलंय तेवढ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

कायद्याचं चक्र फिरलं ते मतामुळे. १८८४ च्या सुधारणेने शेतमजुरांना मत मिळालं. जेसी कॉलिंग्स नावाच्या खासदाराने 'तीन एकर आणि एक गाय' अशी घोषणा चालवली. १८८६ च्या जानेवारीत त्याने मांडलेल्या अलॉटमेंटसंबंधीच्या दुरुस्तीवर लॉर्ड सॉल्सबरींचं सरकार पडलं. भाजीच्या वाफ्यांवरून पंतप्रधान घरी गेला! १८८७ ला पहिल्यांदा स्थानिक संस्थांवर जमीन देण्याची जबाबदारी आली आणि १९०८ च्या कायद्याने ती पक्की केली. कुठल्याही सहा मतदारांनी लेखी मागणी केली की नगरपालिकेने ती विचारात घ्यायलाच हवी, हे कलम तेव्हापासूनचं आहे. १९२५ च्या कायद्याने अशी जमीन मंत्र्याच्या मंजुरीशिवाय विकायला बंदी केली. माझ्या शेजाऱ्यांना या दोन कायद्यांचे आकडे तोंडपाठ आहेत, आपल्याकडे जुनं 'कलम ३०२' असायचं तसे.

महायुद्धांचं सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या युद्धात पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली, तसे प्लॉट वाढत पंधरा लाखांच्या आसपास गेले. दुसऱ्यात 'डिग फॉर व्हिक्टरी'. लंडनच्या टॉवरच्या खंदकात भाज्या लावल्या, रेडिओवर मिडलटन नावाचे गृहस्थ रविवारी कोबीच्या किडीवर बोलायचे. युद्ध संपलं, लोकांना डबाबंद वाटाणे आवडू लागले, प्लॉट पडीक पडले आणि त्यावर घरं उभी राहिली. आज देशभरात सुमारे तीन लाख उरलेत. कोंबड्यांचं कलम १९५० चं. रेशनच्या काळात लोक अंड्यांसाठी कोंबड्या पाळायला लागले होते, म्हणून कायद्यानेच कोंबडी आणि ससा पाळायचा हक्क दिला आणि पहाटे आरवणारा कोंबडा वगळला. शेजारधर्म कायद्यात असा क्वचित सापडतो.

माझ्या प्लॉटची माती लाल आणि चिकट. पावसात बुटाला किलोभर बसते, उन्हाळ्यात तडे जातात. आमच्या काळ्या मातीसारखीच हट्टी, फक्त रंग वेगळा. हरळीसारखंच पांढऱ्या मुळ्यांचं एक गवत आहे, कांडं राहिलं की पुन्हा फुटतं. मे महिन्यातसुद्धा दहिवर गोठतं, म्हणून मिरची आणि भोपळा जूनपर्यंत बाहेर काढायचा नाही. बटाटा गुड फ्रायडेला लावायची जुनी चाल आहे. मला आधी ती धार्मिक वाटली. मग कळलं, की मजुराला वसंतात मिळणारी तीच काय ती सुट्टी.

शेजारचे आजोबा जमैकाचे. तरुणपणी आले, कारखान्यात राबले. सेंट ॲन्समध्ये १९५८ च्या ऑगस्टमध्ये काळ्या-गोऱ्यांची दंगल झाली, त्याचा विषय निघाला की गप्प होतात आणि पाणी घालायला लागतात. ते जिला 'कॅलालू' म्हणतात ती भाजी बघितली आणि मी म्हणालो, हा तर माठ. त्यांनी खोबरं घालून करतात ते सांगितलं, मी लसणाची फोडणी सांगितली. पलीकडची इंग्रज बाई तिच्या वाफ्यातलं तण ढीग करून कंपोस्टवर टाकायला निघाली होती. मी थांबवलं. ढिगात निम्मा चाकवत होता. इकडे त्याला तणच समजतात आणि तो कुठेही उगवतो. लेकीने त्याची ताकातली पातळ भाजी केली, एक डबा त्या बाईंना दिला. आता त्या चाकवत उपटून माझ्या वाटेवर ठेवतात. मेथी आणि शेपू इथे छान येतात, कोथिंबीर मात्र चार उन्हाच्या दिवसांत फुलावर जाते. अळू लावून बघितलं नाही. त्याला कोकणातच राहू दे.

एक गोष्ट मनातून जात नाही. गोल्डस्मिड-विंगेटच्या पद्धतीने मुंबई इलाख्यात मोजणी झाली तेव्हा गावागावाला गायरान लावून दिलं होतं. त्याची नोंद आकारबंदात आहे, मी ती हाताळली आहे. इंग्लंडात सामायिक कुरणं संपत होती तेव्हाच तिकडे त्यांचेच अधिकारी आमची कुरणं नकाशावर पक्की करत होते. पुढे त्या गायरानांचं काय झालं ते आमच्या खात्याइतकं कुणाला ठाऊक नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. मागणी इंग्रज मजुराचीच होती, कसायला पडीक जमीन. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या कितीतरी दलित कुटुंबांचं नाव अजून सातबारावर चढलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामायिक जमिनी अतिक्रमणातून सोडवायला सांगितलं. निकाल वाचताना बरोबरच वाटतो. पण गायरानावर शेड ठोकणारा पुढारी आणि गायरानावर ज्वारी करणारी विधवा ही दोघंही सरकारी भाषेत 'अतिक्रमणधारक' असतात, आणि मोजणीला गेलं की नोटीस आधी कुणाला लागते हे मला माहीत आहे. इथल्यासारखं सहा मतदारांचं कलम आपल्याकडे असतं तर काय झालं असतं, असा विचार मी वाफे ओढताना करतो. मग वाटतं, इथेही ते कलम आपोआप आलं नाही. त्याआधी गंजी पेटल्या, सरकार पडलं.

आमच्या साइटच्या वार्षिक सभेत यंदा वाटांचा विषय निघाला. वाट दोन फुटांची असावी असं नियमात आहे, प्रत्यक्षात काही ठिकाणी फूटभरच उरली आहे, ढकलगाडी जात नाही. प्रत्येकाचं म्हणणं, पलीकडच्याने खाल्ली. सेक्रेटरी बाईंनी सांगितलं, की बाहेरचा माणूस बोलावला तर खर्च येईल. तेवढ्यात जमैकावाल्या आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. मी अटी घातल्या. दोन्ही बाजूंचे प्लॉटधारक हजर पाहिजेत, दोघांची सही पाहिजे, आणि मोजून झाल्यावर खुंट्या मी नाही ठोकणार, त्यांनी ठोकायच्या. शिवाय पुढच्या नोव्हेंबरात दोघांनी माझी वाटही मोजायची. ते मान्य झालं. कुणीतरी विचारलं, फी किती? तातडीच्या मोजणीला जास्त पडते, असं मी सांगितलं, पण तो विनोद कुणाला कळला नाही.